विल्यम बर्नेट
सर विल्यम बर्नेट (इ.स. १७७९:माँट्रोझ, स्कॉटलंड - १६ फेब्रुवारी, इ.स. १८६१:चिचेस्टर, इंग्लंड) हे ब्रिटिश आरमारातील वैद्य होते. आरमाराच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुखपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. लाकूड, कॅनव्हास व दोरखंड यांना बुरशी लागू नये यासाठी त्यांनी शोधलेली प्रक्रिया त्यांच्या नावावरून बर्नेटायझिंग म्हणून ओळखली जाते.

== कारकीर्द ==
वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच बर्नेट आरमारात साहाय्यक शल्यवैद्य म्हणून दाखल झाले. नाईलची लढाई (इ.स. १७९८) आणि ट्रफाल्गारची लढाई (इ.स. १८०५) या दोन्ही प्रसंगी ते सेवेत होते. पुढे युद्धकैद्यांच्या रुग्णालयांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. इ.स. १८१० मध्ये भूमध्य समुद्रातील आरमाराचे वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. युद्धसमाप्तीनंतर त्यांनी काही काळ चिचेस्टर येथे खाजगी व्यवसाय केला व इ.स. १८२२ मध्ये ते पुन्हा शासकीय सेवेत आले. जहाजांवरील वैद्यांनी आजारांचे नियमित अहवाल पाठवावेत, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. हॅस्लर येथील रुग्णालयातील मनोरुग्णांना माणुसकीने वागवले जावे यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. इ.स. १८३१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

== बुरशीप्रतिबंधक प्रक्रिया ==
त्या काळी शिडे व तंबू जवसाच्या वाखाच्या किंवा कापसाच्या जाड कापडाचे असत. असे कापड ओले असताना गुंडाळून कोंदट जागी ठेवल्यास त्यावर काळे डाग पडतात. हे डाग वरवरचे नसतात. बुरशी धाग्यातील सेल्युलोजवरच जगते, त्यामुळे डाग धुतले तरी कापडाची गेलेली ताकद परत येत नाही.

बर्नेट यांनी झिंक क्लोराइडच्या पाण्यातील द्रावणात वस्तू भिजवून नंतर वाळवण्याचा उपाय सुचवला. जस्ताचा हा क्षार बुरशीला विषारी असतो. इ.स. १८३८ मध्ये त्यांनी या प्रक्रियेचे एकस्व घेतले. वूलविच येथील आरमारी गोदीत मुद्दाम बुरशी वाढू दिलेल्या एका खड्ड्यात प्रक्रिया केलेले लाकडाचे ठोकळे पाच वर्षे ठेवण्यात आले. ते शाबूत निघाले.

== मर्यादा ==
झिंक क्लोराइड पाण्यात सहज विरघळते. बंदिस्त खड्ड्यात टिकलेले संरक्षण उघड्या पावसात हळूहळू धुऊन जाते. वारंवार भिजणाऱ्या शिडांच्या व तंबूंच्या बाबतीत हा दोष मोठा ठरला. रेल्वेच्या स्लीपरांसाठी ही प्रक्रिया अमेरिकेतही वापरली गेली, परंतु पुढे पाण्यात न विरघळणाऱ्या क्रिओसोट तेलाने तिची जागा घेतली. विसाव्या शतकात लष्करी तंबूंच्या कापडासाठी कॉपर नॅप्थेनेटसारखी तांब्याची संयुगे वापरात आली.

याच क्षाराचे तीव्र द्रावण बर्नेट यांच्या नावाने जंतुनाशक म्हणून विकले जाई. ते चुकून प्यायल्याने विषबाधा झाल्याच्या घटनांची नोंद आहे.

== वारसा ==
तंबूचे कापड बदलले तरी बर्नेट यांच्यापुढील प्रश्न कायम आहे. नायलॉन व पॉलिएस्टरचे धागे बुरशी सहसा खात नाही. मात्र त्यांवरील मळ, सुती शिलाई आणि जलरोधक लेप यांवर ती वाढू शकते. रासायनिक लेप बुरशीची वाढ लांबवतो; ओलावा घालवत नाही. म्हणून तंबू पूर्ण वाळवूनच घडी घालणे आणि हवेशीर जागी ठेवणे हाच आजही मुख्य उपाय आहे.