पंकची आग लावली सेक्स पिस्टल्सनी, पण ती पेटती ठेवली लखनौत जन्मलेल्या साहेबाच्या पोरानं

'स्लमडॉग मिलिनेअर' पाहिलाय ना? त्यात जमाल आणि सलीम ही दोन पोरं ट्रेनच्या टपावरून देश फिरतात, डब्यात वस्तू विकून पोट भरतात. तेव्हा मागे एम.आय.ए. या गायिकेचं 'पेपर प्लेन्स' वाजत असतं. त्या गाण्याची डोक्यात बसणारी धून मात्र मुळात तिची नाही. ती घेतलीय 'द क्लॅश' या ब्रिटिश बँडच्या १९८२ सालच्या 'स्ट्रेट टू हेल' या गाण्यातून.

या बँडचा गायक होता जो स्ट्रमर. जगानं त्याला लंडनच्या रस्त्यावरचा बंडखोर म्हणून ओळखलं. पण त्याचे वडील जन्मले होते आपल्या लखनौत आणि नोकरी करत होते ब्रिटिश सरकारच्या परराष्ट्र खात्यात.

साहेबाचा पोरगा गरिबांचा आवाज कसा झाला आणि ज्या सेक्स पिस्टल्समुळे तो पंक झाला त्यांच्याही पुढे कसा गेला, त्याचीच ही गोष्ट.

जोचं खरं नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म २१ ऑगस्ट १९५२, तुर्कस्तानातल्या अंकारामध्ये. आई स्कॉटलंडची, पेशानं नर्स. वडिलांच्या बदल्यांमुळे कैरो, मेक्सिको सिटी, बॉन असा प्रवास लहानपणीच झाला. जो ९ वर्षांचा झाला तेव्हा त्याला आणि थोरला भाऊ डेव्हिडला इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत टाकलं. आईवडील परदेशात, पोरं हॉस्टेलवर. भेट व्हायची ती सुट्टीत.

जो दांडगा होता, त्यानं निभावून नेलं. डेव्हिड मात्र अबोल होत गेला. पुढे तो 'नॅशनल फ्रंट' या वंशवादी पक्षाकडे ओढला गेला. १९७० च्या जुलैमध्ये डेव्हिडनं आत्महत्या केली आणि मृतदेहाची ओळख पटवायला गेला तो १७ वर्षांचा जो. पुढे आयुष्यभर त्यानं वंशद्वेषाच्या विरोधात गाणी गायली, पण ज्या राजकारणाच्या विरोधात तो गात होता ते त्याच्या स्वतःच्या घरात येऊन गेलं होतं.

नंतर जो आर्ट स्कूलला गेला, पण तिथं रमला नाही. लंडनच्या भुयारी रेल्वे स्टेशनांवर गाऊन चिल्लर गोळा केली. वेल्समधल्या न्यूपोर्टला जाऊन स्मशानात कबरी खणायचं कामही केलं. १९७४ मध्ये लंडनला परतला आणि वॉल्टरटन रोडवरच्या एका रिकाम्या घरात घुसून राहणाऱ्या पोरांसोबत बँड काढला. घर नंबर १०१, म्हणून बँडचं नाव 'द १०१अर्स'. त्याच काळात त्यानं 'स्ट्रमर' हे नाव घेतलं. स्ट्रमर म्हणजे गिटारच्या तारा नुसत्या खडखडवणारा. बारीक बोटकाम जमत नाही, हे त्यानं थेट नावातच सांगून टाकलं.

आता येऊ सेक्स पिस्टल्सकडे.

तारीख ३ एप्रिल १९७६. लंडनच्या 'नॅशव्हिल रूम्स'मध्ये १०१अर्सचा शो होता आणि त्यांच्या आधी वाजवायला एक नवा बँड आला होता. गायक जॉनी रॉटन, मॅनेजर माल्कम मॅकलॅरेन. या पोरांना वाद्यं धड येत नव्हती आणि समोरच्यांना खूश करायची त्यांना इच्छाही नव्हती. लोकांना आवडो न आवडो, त्यांना काडीचा फरक पडत नव्हता. ते बघून जोला कळून चुकलं की आपला बँड एका रात्रीत जुना झालाय.

काही आठवड्यांतच गिटारिस्ट मिक जोन्स आणि मॅनेजर बर्नी रोड्स यांनी त्याला नव्या बँडसाठी विचारलं. जोनं चालू असलेला बँड मोडला आणि होकार दिला. बासवर पॉल सिमोनन होता. ४ जुलै १९७६ ला शेफिल्डमध्ये द क्लॅशचा पहिला शो झाला, तोही सेक्स पिस्टल्सच्या आधी वाजवणारा बँड म्हणून.

थोडक्यात, दोन्ही बँड एकाच गल्लीतले. पण स्वभाव दोन टोकांचे.

१ डिसेंबर १९७६ ला पिस्टल्स टीव्हीवर लाइव्ह मुलाखतीत शिव्या देऊन बसले. दुसऱ्या दिवशी पेपरांची पहिली पानं पेटली. दोन्ही बँडच्या एकत्र दौऱ्यातले बहुतेक शो रद्द झाले. १९७७ च्या जानेवारीत इएमआय कंपनीनं पिस्टल्सना हाकललं, मार्चमध्ये ए अँड एम कंपनीनं करार केला आणि आठवडाभरात मोडलाही. शेवटी त्यांना घेतलं व्हर्जिननं. राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाल्याचा जल्लोष चालू असताना त्यांनी राणीवरचंच गाणं काढलं. बीबीसीनं बंदी घातली, तरी ते चार्टवर दुसऱ्या नंबरला पोचलं.

पण हा वेग त्यांनाच झेपला नाही. जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शोनंतर बँड फुटला. ज्याचा फोटो आजही टी-शर्टवर दिसतो तो बासिस्ट सिड व्हिशस फेब्रुवारी १९७९ मध्ये ड्रग्जच्या ओव्हरडोसनं गेला. वय फक्त २१. मूळ बँडनं काढलेला स्टुडिओ अल्बम एकच.

क्लॅशवर मात्र वेगळाच आरोप होता. १९७७ मध्ये त्यांनी सीबीएस या बड्या कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला आणि पंकवाले म्हणाले की हे विकले गेले. त्यात जो बोर्डिंगमध्ये शिकलेला, साहेबाचा पोरगा. मग गरिबीच्या गप्पा मारणारा हा कोण, हा सवाल आयुष्यभर त्याच्या मागे लागला.

उत्तर त्यानं कामातून दिलं. पिस्टल्सनी सगळं नाकारलं, तर क्लॅशनं सगळ्यांना आत घेतलं. लंडनमधल्या कॅरिबियन वस्तीचा रेगे त्यांनी पहिल्याच अल्बममध्ये वाजवला. ३० एप्रिल १९७८ ला व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशवादाच्या विरोधात प्रचंड मैफल झाली, तिथं क्लॅश उभी होती. १९७९ च्या डिसेंबरमध्ये 'लंडन कॉलिंग' हा डबल अल्बम आला आणि बँडच्या हट्टामुळे तो एका अल्बमच्या किमतीत विकला गेला. पुढच्याच वर्षी 'सँडिनिस्टा!' हा तीन रेकॉर्डचा अल्बम. तो स्वस्तात मिळावा म्हणून त्यांनी पहिल्या २ लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडून दिली.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉलमध्ये ८ शो ठरले होते. तिकिटं क्षमतेपेक्षा जास्त विकली गेल्याचं उघड झाल्यावर तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला शो बघता यावा म्हणून बँडनं तब्बल १७ शो वाजवले.

मग घोडं अडलं कुठं? तर यशातच.

१९८२ च्या 'कॉम्बॅट रॉक'नं अमेरिका जिंकली. 'रॉक द कसबा' तिथं टॉप १० मध्ये गेलं. ज्या ड्रमर टॉपर हेडननं त्याचं संगीत रचलं, त्याला हेरॉइनच्या व्यसनामुळे त्याआधीच काढून टाकलं होतं. पुढच्या वर्षी जोनं मिक जोन्सलाही हाकललं. बँडच्या चालींचा कणाच गेला. १९८५ चा शेवटचा अल्बम सपशेल आपटला आणि १९८६ मध्ये बँड संपला. सगळ्यांना एकत्र आणणारा माणूस स्वतःच्या मित्राला सांभाळू शकला नाही. ही चूक त्यानं पुढे मान्य केली, पण तोवर उशीर झाला होता.

नंतरची बरीच वर्षं तो चाचपडत राहिला. सिनेमात छोट्या भूमिका केल्या, सिनेमांना संगीत दिलं. १९९१ मध्ये जीन्सच्या जाहिरातीमुळे क्लॅशचं जुनं गाणं ब्रिटनमध्ये नंबर एकवर गेलं, पण बँड काही पुन्हा जुळला नाही. १९९६ मध्ये पिस्टल्स मात्र पैशासाठी आलोय असं उघड सांगत परत आले. १९९९ मध्ये जोनं 'द मेस्कालेरोज' या नव्या बँडसोबत पहिला अल्बम काढला.

१५ नोव्हेंबर २००२. लंडनच्या ॲक्टन टाउन हॉलमध्ये संपावरच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी जो गात होता. प्रेक्षकांत मिक जोन्स होता. क्लॅशचं गाणं सुरू झालं आणि मिकला राहवलं नाही, गिटार घेऊन तो थेट स्टेजवर चढला. जवळपास १९ वर्षांनी दोघं एकत्र वाजवत होते. समोर कुठली बडी कंपनी नव्हती, होते ते संपकरी कामगार.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला जो घरीच गेला. वय ५०. हृदयात जन्मापासून दोष होता, जो कुणाला कधी कळलाच नाही.

पिस्टल्स मोठे की क्लॅश, हा वाद आजही संपलेला नाही. पिस्टल्स नसते तर जो स्ट्रमर झालाच नसता, हे खरं. पण पिस्टल्सनी भिंत पाडली, ती पाडल्यावर तिथं काय बांधायचं हे क्लॅशनं दाखवलं.

'स्ट्रेट टू हेल' हे गाणं कुणालाच नको असलेल्या माणसांचं होतं. काम गेलेले कामगार, अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मागे सोडलेली पोरं. २६ वर्षांनी तीच धून मुंबईच्या दोन बेवारस पोरांच्या मागे वाजली. ते ऐकायला जो नव्हता, पण गाणं बरोबर पत्त्यावर पोचलं होतं.