अधू पायाचे डॉक्टर लिटल

आरतीच्या वेळी मंडपात चाकांच्या खुर्चीतल्या लेकराचे हात हाती घेऊन त्याच्याकडून टाळ्या वाजवून घेणारी एखादी आई आपण पाहतो. सेरेब्रल पाल्सी हे नाव आता आपल्याला नवे नाही. पण आपल्या आजीच्या काळी असे मूल माजघरातच वाढे, आणि त्याच्या आईला मागल्या जन्मीच्या पापाचे बोल ऐकावे लागत. हा आजार आहे आणि त्याला कारणे आहेत, हे ज्यांनी पहिल्यांदा नीट मांडले, त्या डॉ. विल्यम जॉन लिटल यांचे स्मरण आम्ही इथे करीत आहोत.

लिटल यांचा जन्म १८१० साली लंडनमध्ये झाला. आईवडील ऑल्डगेट भागात सराई चालवीत. बालपणीच्या आजाराने, बहुधा पोलिओने, त्यांचे एक पाऊल वाकडे झाले. लिटल डॉक्टर झाले, पण स्वतःच्या पायावर इलाज सापडेना. त्या काळी टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, कापायची तर जखम चिघळण्याचे भय असे. हॅनोव्हरचे डॉ. स्ट्रोमायर मात्र कातडीला बारीक छेद देऊन आतल्या आत कंडरा सोडवीत. १८३६ साली, भूल देण्याची सोय नसताना, लिटल यांनी त्यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. पाऊल सरळ झाले. ही विद्या शिकूनच ते मायदेशी परतले आणि त्यांनी लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी खास रुग्णालय उभे केले.

तिथे येणाऱ्या मुलांत काहींचे हातपाय ताठ असत, चालताना गुडघे एकमेकांना घासत. लिटल नुसते पाय तपासून थांबले नाहीत. जन्म कसा झाला, दिवस पूर्ण भरले होते का, मूल लगेच रडले का, याची त्यांनी नोंद ठेवली. १८६१ साली लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत त्यांनी ४७ मुलांच्या हकिकती मांडल्या. जन्मताना श्वास कोंडला तर मेंदूला इजा होते आणि तिचे परिणाम जन्मभर राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. सभेतल्या अनेकांना ते पटले नाही. गुदमरलेले मूल एक तर दगावते, नाही तर पूर्ण बरे होते, असाच समज होता. पुढे हाच आजार लिटल यांच्या नावाने ओळखला गेला. शरीर ताठ असले तरी बुद्धी शाबूत असू शकते, हेही त्यांनी नोंदवले.

त्यांचे सारेच बरोबर ठरले असे नाही. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली, की मुळात काही बिघाड गर्भातच असेल आणि अवघड बाळंतपण हा त्याचाच परिणाम असेल. पुष्कळ मुलांत इजा जन्माआधीच होते, हे आज मान्य आहे. म्हणजे आईकडे बोट दाखवायला जागा उरत नाही, आणि दर वेळी सुईणीकडेही नाही.

लिटल १८९४ साली वारले. आपल्याकडे मुंबईत या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया निघाली ती १९७२ साली. मंडपापर्यंत चाकांची खुर्ची सहज नेता येईल अशी उतरती फळी टाकणे मात्र आपल्या हाती आहे. यंदा त्या आईला कारण विचारण्याऐवजी तिच्या लेकराला पुढच्या रांगेत जागा देऊ या.