विश्लेषण : सौरडागांतला वारा शोधणारा माणूस तळणीला कशासाठी आला होता?

नागपूरच्या बेसा भागातून निघून वर्धा, पुलगाव मागे टाकले, की अमरावती जिल्ह्यात तळणी हे लहानसे रेल्वे स्थानक लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली इथून गेली. ते पाहण्यासाठी ब्रिटिश खगोलप्रेमींचे पथक तळणीत मुक्कामी होते. त्यातलेच एक, ३३ वर्षांचे जॉन एव्हरशेड.

तळणीत काय मिळाले?

एव्हरशेड पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हते. लंडनच्या कंपनीत नोकरी आणि घरी हौसेची वेधशाळा. १८९६ मध्ये ग्रहणासाठी नॉर्वे गाठले, तर ढग आडवे आले. तळणीचे आकाश मात्र स्वच्छ होते, पण हातात मिनिटे जेमतेम दोन. सूर्य झाकला जाताना कडेवर क्षणभर उजळणाऱ्या वायूच्या थराचा वर्णपट त्यांनी छायाचित्रात पकडला. हायड्रोजनच्या रेषा संपतात त्याच्याही पलीकडे, अतिनील भागात, त्यात प्रकाशाचा अखंड पट्टा उमटला होता. (१९०० मध्ये अल्जीरियात ते खग्रास पट्ट्याच्या इतक्या कडेला थांबले, की पट्ट्याबाहेरच राहिले!)

डागांतला वारा कसा सापडला?

१९०७ मध्ये ते तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत रुजू झाले. पत्नी मेरी याही सूर्याच्या अभ्यासक. जानेवारी १९०९ मध्ये एका सौरडागाच्या वर्णपटात एव्हरशेड यांना रेषा तिरक्या दिसल्या. वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा जांभळ्या रंगाकडे सरकते, दूर जात असेल तर लाल रंगाकडे. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसेच हे. डागाची सूर्यबिंबाच्या मध्याकडची बाजू जांभळ्याकडे झुकली होती, तर काठाकडची लालकडे. डाग बिंबाच्या मध्यावर असला, की तिरकेपणा गायब! म्हणजे वायू पृष्ठभागाला समांतर, डागातून चहूकडे बाहेर वाहत होता, सेकंदाला साधारण दोन किलोमीटर वेगाने. आदल्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज हेल यांना डागांत चुंबकक्षेत्र सापडले होते आणि डाग म्हणजे भोवरे, असा समज होता. एव्हरशेड यांना भोवरा शोधूनही मिळाला नाही. त्यांनी दिसले तेच मांडले. आज हा प्रवाह त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

२००६ मध्ये सोडलेल्या जपानच्या ‘हिनोदे’ उपग्रहाने सक्रिय भागांच्या कडेने प्रभामंडळात वर उसळणारा प्लाझ्मा टिपला. तो प्रवाह वेगळा आणि कितीतरी वेगवान. पण मोजण्याची युक्ती हीच, सरकलेल्या रेषांची.

पुढे काय झाले?

१९११ ते १९२३ एव्हरशेड कोडाईकनालचे संचालक होते. निवृत्तीनंतर इंग्लंडला परतून त्यांनी घरीच पुन्हा वेधशाळा उभारली. नोव्हेंबर १९५६ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.