बालार आणि मिठागरातले कडू पाणी

पवईहून पूर्वेला उतरले की कांजूर-भांडुपच्या खाडीकाठी मिठागरांच्या जमिनी लागतात. मिठागरातून मीठ ओढून घेतले की मागे दाट, कडू पाणी उरते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण या पाण्यावर उमेदीची वर्षे वेचणाऱ्या आंत्वान बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र मला विलक्षण वाटते.

बालारचा जन्म 1802 साली दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे एका गरीब कुटुंबात झाला. औषधशास्त्र शिकून तो तेथेच प्रयोगशाळेत मदतनीस झाला. जवळच्या मिठागरातील कडू पाण्यात त्याने क्लोरीन सोडला, तेव्हा पाण्याचा रंग पालटला आणि त्यातून उग्र वासाचा तांबूस द्रव हाती आला. ते नवे मूलद्रव्य असल्याचे त्याने 1826 साली जाहीर केले. तेच ब्रोमीन. लिबिगसारख्या नामवंताकडेही हा द्रव आधी आला होता. आयोडीनचे संयुग समजून त्याने तो बाजूला ठेवला होता.

कीर्ती मिळाली, पॅरिसमध्ये प्राध्यापकपद मिळाले. तरी बालारने कडू पाणी सोडले नाही. ते उन्हात टप्प्याटप्प्याने आटवायचे, पुरेसे दाट झाले की थंडीत निवू द्यायचे; म्हणजे सोडियम सल्फेटचे खडे तळाशी बसतात. उरलेले पाणी आणखी आटवले की पोटॅशचे क्षार मिळतात. काच कारखान्यांना पहिले हवे, शेतीला दुसरे. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर कारखानदारांनी ही पद्धत उचलली.

आणि नेमके तेव्हाच दैव फिरले! जर्मनीतील श्टासफुर्टच्या खाणीतील क्षारांपासून 1861 पासून पोटॅश बनू लागले. ते इतके स्वस्त, की समुद्राच्या पोटॅशला कोण विचारतो?

तरी बालार कडवट झाला नाही. तरुण लुई पाश्चरला शिक्षक म्हणून दूरच्या गावी पाठवण्याचे घाटत होते, तेव्हा त्याला आपल्या प्रयोगशाळेत ठेवून घेणारा बालारच. 1876 साली पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले.

आज मृत समुद्राचे पाणी प्रचंड तळ्यांत आटवून पोटॅश काढतात आणि उरलेल्या पाण्यातून ब्रोमीन. आपल्या कच्छमध्येही मिठागरांच्या कडू पाण्यापासून ब्रोमीन बनते. बालारचे गणित बाजारात हरले, विचार हरला नव्हता. हयातीत फळ मिळाले नाही म्हणून एखाद्याचे श्रम वाया गेले असे म्हणण्याची घाई आपण करू नये, एवढे मी या चरित्रातून शिकलो.