प्रज्ञाचक्षू आणि त्यांचे वाचक

गेल्या वर्षी वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या वर्गमित्राला मी रोज रात्री तासभर पुस्तक वाचून दाखवीत असे. तो जन्मापासून अंध आहे. मराठी हा आम्हा दोघांचा मुख्य विषय. एका रात्री झोप अनावर झाली म्हणून मी मधली दोन पाने गाळली आणि पुढचे वाचू लागलो. त्याने मला थांबवले. सुरुवातीला लेखकाने तीन मुद्दे सांगितले होते, तिसरा कुठे गेला, असे त्याने विचारले. तो या पुस्तकात नाही, असे मी ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात नेमका तोच तिसरा मुद्दा समजावून सांगितला. मित्र माझ्या शेजारच्याच बाकावर होता. तो काहीच बोलला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक काटा रुतून बसला.

याच सुमारास ग्रंथालयात गुलाबराव महाराजांचे चरित्र हाती लागले. प्रज्ञाचक्षू म्हणून त्यांचे नाव लहानपणापासून ऐकले होते. कीर्तनकार त्यांची गोष्ट चमत्कार म्हणून सांगत आणि आम्ही हात जोडून ती ऐकत असू. या वेळी मात्र ते चरित्र मी वेगळ्या डोळ्यांनी वाचले.

गुलाबराव गोंदुजी मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला. घराणे माधानचे, शेतकरी कुटुंब. मूल आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांना विकार झाला, चुकीचा औषधोपचार झाला आणि दृष्टी कायमची गेली, असे सांगतात. चार वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. पुढची काही वर्षे लोणी टाकळीला आजीने सांभाळले. अंध मुलाने शाळेत जाऊन काय करावे, असा तो काळ होता. अमृतसरला अंधांची पहिली शाळा निघाली १८८७ साली. मुंबईत दादरची शाळा १९०० मध्ये सुरू झाली, तोवर गुलाबराव एकोणीस वर्षांचे झाले होते. फ्रान्समधील लुई ब्रेलने उठावाच्या ठिपक्यांची लिपी तयार केली त्याला तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती. पण सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडावे लागले. वऱ्हाडातल्या त्या मुलासाठी बोटाने वाचता येईल असे एकही अक्षर नव्हते.

उरले दोन कान. गावातल्या सवंगड्यांकडून आणि जाणत्या माणसांकडून ते ग्रंथ वाचून घेऊ लागले. एकदा ऐकलेले सहसा विसरत नसत. कुणबी घरातला हा अंध मुलगा वेदान्त, योग, आयुर्वेद, संगीत असे विषय एकामागून एक ऐकून पचवीत गेला. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. प्रवासातसुद्धा ग्रंथांच्या पेट्या बरोबर असत, असे सांगतात. १८९६ साली त्यांचे लग्न झाले. १९०१ साली ज्ञानेश्वर महाराजांनी आपल्याला मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. ज्ञान आणि मधुराभक्ती यांचा मेळ घालणारा त्यांचा विचार मधुराद्वैत या नावाने ओळखला जातो.

मराठी, हिंदी आणि संस्कृत मिळून त्यांची ग्रंथरचना सव्वाशेहून अधिक भरते. त्यातली एक ओळही त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवली नाही. ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते.

आमच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला कोणी पाहुणा आला की आम्ही त्याला दासोपंतांची पासोडी अभिमानाने सांगतो. सोळाव्या शतकातल्या त्या संतकवीने लांबलचक कापडावर रचना लिहून ठेवली. अफाट लिहिणारा तो हात आम्हाला ठाऊक आहे. गुलाबराव महाराजांचे लेखनही तसेच अफाट, पण त्यामागचे हात मात्र अनेकांचे आहेत. त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे कोण होते? मध्यरात्री डोळे चोळत कोणी पाने उलटली? त्यांची नावे फारशी कोणाच्या तोंडी नाहीत.

ही सारी गोष्ट चमत्कार म्हटली की आपण मोकळे होतो. चमत्काराला फक्त नमस्कार करायचा असतो, आपल्याला काही करावे लागत नाही. पण ती मेहनतीची गोष्ट मानली तर हिशेब बदलतो. महाराजांची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. परंतु त्या बुद्धीपर्यंत ग्रंथ पोहोचला तो कोणीतरी प्रामाणिकपणे, एकही पान न गाळता वाचला म्हणून. वाचणाऱ्याने कंटाळून दोन पाने गाळली असती तर तेवढे ज्ञान त्यांच्यापुरते जगातून नाहीसे झाले असते. वाचणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि मान खाली गेली.

आज मोबाईल बोलतो, हे खरे. पण आमचा अनुभव सांगतो. हाताने लिहिलेल्या टिपणांचा फोटो पाठवला तर तो बहुधा मुकाच राहतो. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी टिपणे वाचताना तो अगम्य अक्षरे बडबडतो. तीच टिपणे युनिकोडमध्ये टंकली की माझा मित्र ती कोणाच्याही मदतीशिवाय ऐकू शकतो. परीक्षेची गोष्टही अशीच. केंद्र सरकारने २०१३ साली लेखनिकाची सोय आणि ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१८ साली आणखी एक अट आली: परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर तो त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा. गैरप्रकार टाळण्यासाठी ते ठीकच आहे. पण असा लेखनिक शोधायचा कोणी? परीक्षा तोंडावर आली की मित्र अभ्यास सोडून लेखनिकासाठी खोल्या हिंडतो. आपल्यापैकी वीस जणांनी वर्षाच्या सुरुवातीलाच ग्रंथपालांकडे नावे दिली तर हे हिंडणे थांबेल. खर्च एका वहीचा.

परवा मी ती गाळलेली दोन पाने त्याला वाचून दाखवली आणि तेव्हा खोटे बोललो होतो हे कबूल केले. त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पुस्तक मिटायच्या आतच वाचणाऱ्याचा आवाज घाईत आहे हे कळते, असे तो म्हणाला. हा लेखही नियतकालिकाला देण्यापूर्वी त्याला वाचून दाखवला. त्याने एकच वाक्य काढायला लावले. त्यात मी त्याच्या जिद्दीचे तोंड भरून कौतुक केले होते. त्याऐवजी उद्या रात्री नऊला वेळेवर ये, एवढेच त्याचे मागणे होते.