चित्रकलेवर चरितार्थ : कै. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर

आपल्या ज्ञातीतील मुलामुलींच्या शिक्षणाची गोष्ट निघाली, की डॉक्टर, इंजिनिअर, बँक आणि सरकारी नोकरी या चार वाटांपलीकडे पालकांचे मन सहसा जात नाही. एखाद्या मुलास चित्रे रेखाटण्याचा, वळणदार अक्षरे काढण्याचा वा सजावटीचा नाद असला, तर दहावीपर्यंत त्याचे कौतुक होते. पुढे तोच नाद घरात काळजीचा विषय होतो. ती काळजी अगदीच निराधार आहे, असे मला म्हणवत नाही. आमच्या कनेरगाव नाक्यासारख्या लहान गावीसुद्धा लग्नपत्रिका व दुकानाची पाटी आता संगणकावर घटकाभरात तयार होते, आणि चार शब्द सांगताच चित्र काढून देणारी यंत्रविद्याही आली आहे. हिंगोली-वाशीम रस्त्याने जाताना हाताने रंगविलेली पाटी शोधावी लागते. या धंद्यात आधीच एवढी दाटी. तीत आपल्या पोराला जागा कोठून मिळावी, असा पालकांचा प्रश्न असतो.

हाच प्रश्न १८९० साली कोल्हापूरहून मुंबईस निघालेल्या एका तरुणापुढे होता. तो तरुण म्हणजे पुढे रावबहादुर या पदवीने गौरविले गेलेले विख्यात चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. त्यांचा जन्म पाठारे प्रभू ज्ञातीत झाला. परंतु चांगल्या चरित्रावर सर्वांचाच हक्क असतो, या भावनेने ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. बालपणही तेथेच गेले. त्या नगरीत अबालाल रहिमान नावाचे थोर चित्रकार होते. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकून ते १८८८ च्या सुमारास कोल्हापुरास परतले. पुढे त्यांस शाहू महाराजांचा आश्रय लाभला; तरी स्वभावाने ते विरक्त, फकिरी वृत्तीचे. कोटितीर्थाच्या परिसरात निसर्गचित्रे काढीत त्यांनी आयुष्य घालविले, आणि आपली असंख्य चित्रे त्यांनी तळ्यात सोडून दिल्याची आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगतात. अबालाल यांच्या कलेविषयी मला अत्यंत आदर आहे. परंतु कोणी संसारी बाप आपल्या मुलापुढे तो कित्ता ठेवणार नाही. धुरंधर त्याच गावातून, त्याच शाळेत गेले आणि त्यांनी संसार व कला यांचा मेळ घातला, म्हणून त्यांचे चरित्र आपणांस अधिक उपयोगाचे.

ही कलाशाळा १८५७ साली स्थापन झालेली. जमशेटजींनी तिच्यासाठी एक लाख रुपये दिले होते. धुरंधर दाखल झाले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तिचे मुख्य होते. आपल्या मराठवाड्यातील अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. त्यांच्या हाताखाली धुरंधरांच्या रेखाटनास शिस्त लागली. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांस सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्याच शाळेत शिक्षकाची जागा मिळाली.

येथे थोडे थांबून त्या वेळचा बाजार कसा होता ते पाहिले पाहिजे. चित्रांचा धंदा तेव्हा काही मोकळा नव्हता. पुण्यास चित्रशाळा छापखाना १८७८ पासून देवादिकांची व पौराणिक प्रसंगांची रंगीत चित्रे काढून महाराष्ट्रभर विकीत होता. जर्मनीत छापलेली स्वस्त चित्रे आगबोटींतून मुंबईच्या बंदरात उतरत होती. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईस स्वतःचा छापखाना काढला, आणि त्यांची लक्ष्मी व सरस्वती घरोघर पोहोचू लागली. व्यक्तिचित्रांचे काम छायाचित्रकारांनी ओढून घेतले. आपला हिंगोलीचा मुलूख ज्या निजामी राज्यात होता, त्या राज्याचे नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईतही आपला स्टुडिओ थाटला. ज्या कामास चित्रकार अनेक बैठका घेई, ते कॅमेरा काही क्षणांत करी. यंत्र आले आता कलावंत संपला, ही हाकाटी आजचीच आहे असे कोणी समजू नये.

मग धुरंधरांनी काय केले? एक तर त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली नाही. पगाराचा आधार असल्यामुळे त्यांस पडेल त्या भावात चित्र विकण्याची वेळ आली नाही. कलावंताने नोकरी करणे म्हणजे कलेशी प्रतारणा, असे मानणारी मंडळी आहेत. मला ते मान्य नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाजारात जेथे दाटी होती, तेथून थोडे बाजूस सरून त्यांनी दृष्टी फिरविली. देवादिकांची व पुराणांतील चित्रे त्यांनीही काढली. परंतु त्यांची खरी ओळख झाली ती रस्त्यावरच्या माणसांमुळे. मुंबईचा कोळी, पारशी गृहस्थ, भाजीवाली, लग्नास निघालेल्या बायका, प्रत्येकाची पगडी, पातळ नेसण्याची तऱ्हा, चालण्याची ढब त्यांनी डोळ्यांनी टिपून वहीत उतरविली. कॅमेऱ्यापुढे माणूस ताठ बसतो. धुरंधरांच्या रेषेत तो चालतो, हसतो, भाव करतो. असे चित्र त्या बाजारात दुसऱ्या कोणापाशी सहसा मिळत नव्हते.

तिसरी गोष्ट अशी की, कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. विनोदी प्रसंगांची पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके, पुस्तकांतील व मासिकांतील चित्रे ही सारी कामे त्यांनी केली. प्रत्येक कामाची मागणी निराळी असते. पोस्टकार्डातील गंमत तळहाताएवढ्या जागेत कळली पाहिजे. रेल्वेचे भित्तिपत्रक फलाटावरच्या घाईतल्या प्रवाशाने दुरूनच वाचले पाहिजे. पुस्तकातील चित्राने तर लेखकाच्या शब्दांस साथ द्यायची आणि तरीही आपल्या पायांवर उभे राहायचे. आज ज्यास डिझाइन म्हणतात ती विद्या याहून फारशी निराळी नाही. मुंबई इलाख्यातील तीन इंग्रज मुलकी अधिकारी लेखकांनी आपल्या पुस्तकांसाठी त्यांची चित्रे घेतली. एडवर्ड्‌स यांचे मुंबईवरील पुस्तक १९१२ साली निघाले. किंकेड यांनी आपल्याकडील व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, ते पुस्तक १९१४ चे. आणि रॉथफेल्ड यांच्या हिंदी स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. श्रावणात आपल्या आज्या-पणज्या ज्या कहाण्या सांगत, त्यांतील राजाराण्या विलायतेतील वाचकांपुढे गेल्या त्या या कोल्हापूरच्या चित्रकाराच्या हातून. गुजराती मासिक ‘वीसमी सदी’ हेही त्यांच्या चित्रांनी नटले होते.

या विपुलतेमुळेच पुढील काळातील काही टीकाकारांनी त्यांस निव्वळ सजावटकार, पुस्तकांचा चित्रकार असे म्हणून बाजूस सारले. तो अन्याय होता असे माझे मत आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व मोठे पारखी. त्यांच्या संग्रहात धुरंधरांची शिवचरित्रावरील चित्रे आहेत, ती कोणीही औंधास जाऊन पाहावी. नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांचे कामही त्यांच्याकडे आले होते. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले.

१९२७ साली सरकारने त्यांस रावबहादुर केले. १९३० साली, जी खुर्ची तोवर गोऱ्या साहेबांकडेच होती त्या संचालकाच्या खुर्चीवर ते काही काळ बसले, आणि १९३१ साली निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आपल्या आठवणींचे मराठी पुस्तक त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केले. त्यांच्या निवृत्तीनंतर मंदीच्या दिवसांत सरकारी खर्च कमी करण्यासाठी ती शाळाच बंद करण्याची सूचना पुढे आली होती. शाळा बंद झाली नाही. उलट १९३५ साली तेथे जाहिरात, मांडणी, अक्षरलेखन शिकविणारा व्यावसायिक कलेचा वर्ग सुरू झाला. आता अशा शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुलास मुंबईसच जावे लागते असे नाही. छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालय आहे.

धुरंधर १ जून १९४४ रोजी निवर्तले. या धंद्यातील दाटी, उधारी, मानापमान हे सारे चार दशके जवळून पाहिलेल्या या गृहस्थाने आपली कन्या अंबिका हिलाही त्याच कलाशाळेत घातले. मुलींनी चित्रकला हा व्यवसाय म्हणून शिकण्याची चाल तेव्हा फारशी नव्हती. अंबिकाबाईंनी तेथील पदविका घेतली, चित्रकार म्हणून नाव मिळविले आणि वडिलांचा चित्रसंग्रह आयुष्यभर जपला.