माझा शेजारी कोण?

एकाच्या निष्काळजीपणानें दुसऱ्यास इजा झाली, तर कायद्यानें दोष कोणाच्या माथीं ठेवावा? या प्रश्नास चिरस्थायी उत्तर देणारे न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

जेम्स रिचर्ड ॲटकिन यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८६७ रोजीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं झाला. १८७२ सालीं पितृछत्र हरपलें. वेल्समध्यें मातुलगृहीं आजीजवळ ते वाढले. ऑक्सफर्ड येथें शिकून १८९१ सालीं ते बॅरिस्टर झाले. १९१३ सालीं त्यांस न्यायासन लाभलें आणि १९२८ सालीं ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे न्यायाधीश झाले.

त्याच वर्षीं, २६ ऑगस्ट रोजीं, स्कॉटलंडांतील पेस्ली येथें मे डोनोह्यू नांवाची गरीब स्त्री एका उपाहारगृहांत गेली. सोबतच्या व्यक्तीनें तिच्यासाठीं जिंजर बिअर विकत घेतली. बाटली अपारदर्शक होती. थोडें पेय पिऊन झाल्यावर उरलेलें ओततांना तींतून कुजलेली गोगलगाय निघाली व आपण आजारी पडलों, असें तिचें म्हणणें होतें. पैसे तिनें दिले नव्हते. सबब दुकानदाराशीं तिचा करार नव्हता, कारखानदाराशीं तर नव्हताच. मग दाद मागावी कोणाजवळ?

२६ मे १९३२ रोजीं तीन विरुद्ध दोन मतांनीं निकाल तिच्या बाजूनें लागला. ॲटकिन यांनीं चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतांतील प्रश्नच हातीं घेतला. प्रीति करण्याची सक्ती कायदा करूं शकत नाहीं. मात्र शेजाऱ्यास इजा न करण्याची सक्ती तो करूं शकतो. आपल्या कृत्याचा ज्याच्यावर निकट परिणाम होईल हें आधींच ध्यानांत यावयास हवें, तो आपला शेजारी, असें त्यांनीं ठरविलें. तेव्हांपासून अशा दाव्यांत मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: काळजी घेण्याचें कर्तव्य होतें काय, तें मोडलें काय, आणि इजा त्यामुळेंच झाली काय. पुराव्याचा भार सामान्यतः फिर्यादीवर असतो. त्या गोगलगायीचा पुरावा मात्र कधींच झाला नाहीं. कारखानदार वारल्यावर दावा आपसांत मिटला.

१९४१ सालीं, युद्ध चालू असतां, सरकारनें चौकशीवांचून कोंडलेल्या मनुष्याच्या बाजूनें मत देणारे पांच न्यायाधीशांत ते एकटेच होते. २५ जून १९४४ रोजीं वेल्समधील ॲबरडोव्ही येथें त्यांचें देहावसान झालें.

रात्रीं दिव्यावांचून सायकल हांकणाऱ्या विद्यार्थ्यानें, अगर विहीर उघडी टाकणाऱ्या गृहस्थानें, या न्यायाधीशाचा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा. अंधारांतून येणारा अनोळखी पांथस्थही आपला शेजारीच होय.